हलकं करून वाचलेलं पत्र

मी चौथीत असल्यापासून आमच्या चाळीची पत्रं वाचत होते. विक्रोळीच्या पार्कसाईटला टेकडीच्या उतारावर ती चाळ होती. बहुतेक बिऱ्हाडं मालवण-देवगडकडची, आणि निम्म्याहून जास्त बायकांना अक्षर ओळखता येत नव्हतं. पुरुषांना वाचता यायचं, पण पोस्टमन यायचा दुपारी आणि पुरुष यायचे संध्याकाळी. गावाहून आलेलं निळं पत्र तेवढा वेळ न फोडता हातात धरून बसायचं म्हणजे शिक्षाच. माझी शाळा सकाळची. मग दुपारी कुणी ना कुणी आमच्या दारात पत्र घेऊन उभी असायची, आणि मी हातातलं ताट बाजूला सारून, मोठी कुणीतरी असल्यासारखी, पत्राच्या कडा फाडायची.

वाचायचं कसं हे मला शेजारच्या काकूंनी शिकवलं. त्यांना स्वतःला सहीसुद्धा येत नव्हती. पहिल्यांदाच कुणाचं तरी पत्र मी घडाघडा वाचून टाकलं, त्यात कुणीतरी वारल्याचं होतं, आणि ती बाई जिन्यातच बसली. काकूंनी मला आत ओढून नेलं. "आधी मनात वाच गो," त्या म्हणाल्या. "तोंड हलवू नको. बरां असात ता पयला सांग. वायट असात ता शेवटाक, आणि हलक्यान." मारायला उठल्यासारख्या बोलल्या, म्हणून ते डोक्यात पक्कं बसलं.

पुढे मी त्यात तरबेज झाले. सासूनं लिहिलेल्या शिव्या गाळायच्या. म्हैस मेली असेल तर ती आजारी आहे म्हणायचं. एकदा एकीच्या भावानं लिहिलं होतं की वडलांचं आता काही खरं नाही, शेवटचं बघायचं असेल तर नीघ. मी वाचलं, "बाबांना जरा बरं नाही, तुझी आठवण काढतात, एकदा येऊन जा." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावला आणि ट्रंक काढायला उठली. मला वाटलं, काय सांभाळून घेतलं मी. तिला सगळं कळलं होतं हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. हलकं वाचलेलं मुळात किती जड असेल, हे ओळखायची त्या सगळ्या बायकांना सवय होती. मी एक भाग लपवायची आणि त्या मनातल्या मनात तो परत जोडायच्या. मला मात्र वाटायचं की हुशारी सगळी माझीच.

बाबा आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात होते. तिथे एनॅमलची भांडी बनत, ताटं, वाडगे, निळ्या काठाचे पांढरे मग. पत्र्याचं भांडं एनॅमलच्या पातळ घोळात बुडवायचं, बाहेर काढून झटकायचं आणि सुकलं की भट्टीत घालायचं. बाबा बुडवणाऱ्यांतले. झटका नेमका बसला नाही तर काठावर थेंब राहतो आणि भांडं बाद होतं. पंचवीस वर्षं तोच झटका देऊन देऊन बाबांचं मनगट तसंच झालं होतं. घरी पेला विसळला तरी ते तसाच झटकायचे आणि पाणी नेमकं माझ्या वहीवर उडायचं. मी चिडायची. आमच्या घरातली सगळी भांडी बाद मालातली होती, कुणाला फोड, कुणाला डाग, आणि पाहुणे आले की आई ती फडताळात मागे सरकवायची.

स्टील स्वस्त झालं, प्लास्टिक आलं, आणि एनॅमलचं ताट लोकांना दवाखान्यातलं वाटायला लागलं. त्यांचंही बरोबर होतं. मलाही डब्यात स्टीलच हवं होतं. मी बारावीला असताना कारखान्याने भांड्यांचं खातं बंद केलं. मॅनेजरने गेटवर येऊन सांगितलं की आता गिझरच्या टाक्यांना आतून एनॅमल लावायचं नवीन काम येणार आहे, तेव्हा जुन्यांचा विचार होईल. बुडवण्याच्या खात्यात बावीस माणसं होती. ती बावीस माणसं घरी बसली आणि त्या एका वाक्यावर राहिली.

त्या उन्हाळ्यात बाबांनीच मला घाटकोपरला इंग्लिशच्या क्लासला घातलं. बारावी झालेली मुलगी, इंग्लिश बोलता आलं तर ऑफिसात लागेल, असा त्यांचा सरळ विचार. फरसाणाच्या दुकानावर एक लांबट खोली होती, खालून तळणाचा वास यायचा आणि भूक लागायची. शिकवणारे सर कुठल्याशा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते पुस्तकातलं इंग्लिश शिकवायचे नाहीत, फायलीतलं शिकवायचे. दर दिवशी फळ्यावर एक वाक्प्रचार, आणि तो कचेरीत कुठल्या खोलीत, कुठल्या टेबलावर लिहिला जातो त्याची हकिगत.

एक दिवस त्यांनी लिहिलं, "इन इट्स इन्फन्सी." एखादी योजना, एखादा धंदा अगदी बाल्यावस्थेत आहे, असा अर्थ. सगळ्यांनी वाक्यं केली. बहुतेकांनी आपल्या देशात कॉम्प्युटर इन इट्स इन्फन्सी आहे म्हणून सांगितलं, मीही तेच सांगितलं. सरांनी खडू ठेवला. "हा अर्थ झाला डिक्शनरीतला," ते म्हणाले. "आता कचेरीतला ऐका. काम सुरू झालेलं नाही, होईल की नाही ठाऊक नाही, पण समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही. अशा वेळी हे लिहायचं. मी स्वतः हजार वेळा लिहिलंय. ज्याला लिहिलं त्याचं काम झालेलं एकदाही पाहिलं नाही." पोरं हसली. मी ते वहीत शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं. हे मुद्दाम सांगते, कारण मला तो अर्थ माहीत नव्हता असं पुढे मी म्हटलेलं आहे.

खातं बंद होऊन तीन महिने झाले तरी टाक्यांचं नाव निघेना. बाविसांनी एका वकिलाकडून अर्ज लिहून घेतला आणि मॅनेजरला दिला, की नवीन काम कधी सुरू होणार आणि आम्हाला घेणार का. उत्तर आलं ते बाबांच्या पत्त्यावर, कारण अर्जावर पहिली सही त्यांची होती. रविवारी सकाळी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बाबा आणि त्यांच्याबरोबरचे सहा-सात जण भिंतीला टेकून बसले. आईने मला केस विंचरून बाहेर यायला सांगितलं, जसे काही मलाच बघायला पाहुणे आले होते. बाबांनी लिफाफा माझ्या हातात दिला. "वाच गो, काय लिवलाहा ता."

इंग्लिशमध्ये टाईप केलेल्या चार ओळी होत्या. मी आधी मनात वाचल्या. अर्ज मिळाला. नवीन उत्पादनाचा विकास अजून इन इट्स इन्फन्सी आहे. योग्य वेळी योग्य विचार केला जाईल. खाली सही. आणि मला काय झालं असेल तर आनंद झाला. लाज वाटते, पण खरंच झाला. फळ्यावर शिकलेला वाक्प्रचार खऱ्या कागदावर, खऱ्या शिक्क्याखाली भेटला होता आणि मला तो ओळखता आला होता. तो आनंद दोन क्षण टिकला असेल. मग सरांचं पुढचं बोलणं आठवलं, आणि मी मान वर केली तर सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते आणि त्यांचं ते मनगट आपोआप हलत होतं.

काकूंनी शिकवलेलं सगळं मी केलं. तोंड हलू दिलं नाही. बरं ते आधी सांगितलं, की अर्ज मिळाला, साहेबांनी लक्ष घातलंय. मग म्हटलं, "नवीन काम जन्माला आलंय, असं लिहिलंय. अजून लहान आहे. वेळ लागेल." एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण बाबांचा चेहरा पडायला लागला होता, आणि मी पुढे म्हणाले, "पण रांगायला लागलंय."

"रांगाक लागला?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मगे चालतला पण," त्यांच्यातले एक काका म्हणाले आणि खोलीत तीन महिन्यांत पहिल्यांदा सगळे हसले. आईने सगळ्यांना चहा दिला. चहा संपेपर्यंत मी पत्र हातातच धरून होते, कुणी दुसरं वाचेल म्हणून नव्हे, तर काय करायचं ते सुचेना म्हणून.

रांगण्याचं पत्रात काही नव्हतं. ते माझं. आणि नेमकं तेच चाललं. बावीसही जणांच्या तोंडी तो शब्द बसला. कारखान्याच्या गेटवर पाळीपाळीने कुणीतरी जाऊन बसायचं, आणि संध्याकाळी चाळीत कुणी विचारलं तर सांगायचं, "रांगतासा, रांगतासा." बायका मात्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायच्या. शेजारच्या काकूंनी तर एकदा मला अडवून विचारलं, "किती हलक्यान वाचलंस गो?" मी म्हटलं, तसंच लिहिलं होतं. पण गावच्या पत्रांची त्यांना सवय होती, त्यांना बरोबर वास आला होता. बायकांना मी वर्षानुवर्षं असं वाचून दाखवलं होतं. या बाप्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं. त्यांच्यासाठी पत्र म्हणजे पत्र.

त्यानंतर आठवड्याभरात मिस्त्री आमच्याकडे आले. हे बाबांच्याच खात्यात मिस्त्री होते, दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेले. त्यांनी कांदिवलीला चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पंख्यांच्या पात्यांना रंग द्यायचा छोटा गाळा काढला होता. पातं रंगात बुडवायचं, झटकायचं आणि भट्टीत सुकवायचं. "तुमच्याच हातचं काम आहे," ते बाबांना म्हणाले. "एकच जागा आहे. नवीन पोरं थेंब ठेवतात, माझा अर्धा माल परत येतो. पुढच्या सोमवारपासून या." आईने आतून माझ्याकडे बघितलं. इतकी आशा मी तिच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती.

बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकला. मग म्हणाले की लांब पडेल, विक्रोळीहून कांदिवलीला जायचं, दोन गाड्या, बस. मिस्त्री म्हणाले, लांब आहे हे खरं, पण काम आहे. बाबा म्हणाले, "आमचंही काम येतंय. रांगायला लागलंय. मी बावीस जणांचा पुढारी, मीच पयला पळालो तर कसां दिसतला?"

"कुणी सांगितलं तुम्हाला, रांगतंय म्हणून?"

"पत्र आलंय ना. आमच्या पोरीनं वाचलं. इंग्लिश क्लासला जाते ती."

किती अभिमानाने म्हणाले. मिस्त्रींनी मान वळवून मला विचारलं, "काय गं, खरंच असं लिहिलंय?"

मी स्टोव्हजवळ उभी होते. पत्र बाबांच्या शर्टाच्या खिशात होतं. ते मागून घेऊन मिस्त्रींच्या हातात दिलं असतं तरी पुरलं असतं, त्यांना थोडंफार इंग्लिश येत होतं. तोंडाने काही कबूल करायचीही गरज नव्हती. आईसुद्धा मी काहीतरी बोलावं म्हणून बघत होती, तिला पत्रातलं काही कळत नसताना. मी म्हटलं, "हो काका, असंच लिहिलंय."

मिस्त्री चहा पिऊन गेले. जाताना जिन्यात म्हणाले की गुरुवारपर्यंत थांबतो. मी मंगळवार, बुधवार, गुरुवार मोजले. रोज ठरवायची की आज सांगते, आणि बाबा गेटवरून आले की पायावर पाणी घेताना असे खुशीत बोलायचे की माझी जीभ उचलत नसे. आता वाटतं, मला त्यांची काळजी नव्हतीच. सगळ्यांसमोर खोटी पडेन याची भीती होती. काळजी असती तर मी बोलले असते. शुक्रवारी मिस्त्रींनी दुसरा माणूस घेतला.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. बाविसातले काही गुपचूप कुठे कुठे लागले. ज्यांना दुसरं काही मिळण्याजोगं नव्हतं ते आणि बाबा, असे दहा-बारा उरले. मग एका सकाळी गेटवरचे काका धावत आले. भट्टीच्या विटा काढून ट्रकमध्ये भरत होते. बाबा चप्पल न घालताच निघाले. दुपारी परत आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. टाक्या नाहीत, काही नाही, जागाच विकली होती. आईने जेवायला उठवलं तर म्हणाले, भूक नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेले सगळे सरकारी लेबर ऑफिसात गेले. तिथल्या साहेबाला बाबांनी खिशातून ते पत्र काढून दाखवलं. आठ-नऊ महिने खिशात राहून त्याच्या घड्या झिजल्या होत्या. साहेबाने वाचलं आणि मराठीत सांगितलं की यात आश्वासन वगैरे काही नाही, त्यांनी पहिल्या दिवशीच तुम्हाला नाही म्हटलेलं आहे. हे मला बाबांच्या सोबत गेलेल्या काकांनी नंतर सांगितलं.

घरी आले तेव्हा मी तांदूळ निवडत होते. ते माझ्यासमोर खालीच बसले. आईला वाटलं ओरडतील, ती हातातलं काम टाकून उभी राहिली. मलाही वाटलं, आणि त्यांनी ओरडावं असंही वाटलं. पण त्यांनी अगदी हळू विचारलं, "त्या पत्रात रांगण्याचां कायच नव्हता?"

मी ताटातच बघत राहिले.

"तुका तेवां कळाक नाय ना?" त्यांनी विचारलं.

त्यांनी प्रश्नच असा विचारला की त्यातलं एकच उत्तर त्यांना झेपणार होतं. मुलीला इंग्लिश कच्चं येतं, हे त्यांना सोसलं असतं. मुलीला सगळं कळत होतं आणि तिने मिस्त्रींच्या तोंडावर खोटं सांगितलं, हे नाही. असं मी स्वतःला समजावते. पण मलाही तेच उत्तर सोयीचं होतं, हे काही विसरता येत नाही.

"नाही बाबा," मी म्हटलं. "मला नीट कळलं नव्हतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खरंच बरं वाटलं त्यांना. "मगे तुझी काय चूक," ते म्हणाले आणि उठून पाय धुवायला गेले.

पुढच्या महिन्यात ते मुलुंडला एका नव्या बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागले. खाकी शर्ट त्यांना खांद्यावर ढगळ व्हायचा. आई म्हणाली की आता क्लास पुरे, पोरीला कुठेतरी चिकटवू या. बाबांनी साफ नाही म्हटलं. अर्धवट शिकवलेल्या पोरीच्या हातात आपणच एवढं मोठं पत्र दिलं, चूक आपली, ते म्हणाले. आणखी एक वर्ष क्लास करायचाच. सरांनी मला बघून विचारलं की तुला तर सगळं येतं, परत कशाला आलीस. मी वही उघडून बसले.

आणि बाबा एवढ्यावर थांबले नाहीत. सुटीच्या दिवशी ते उरलेल्या दहा-बारा जणांच्या घरी गेले, कुणी भांडुपला, कुणी कांजूरला, आणि प्रत्येकाला सांगून आले की पोरीला बोल लावू नका, तिला तेवढं इंग्लिश येत नव्हतं, मीच तिला वेळेवर शिकवलं नाही, मला माफ करा. हे मला माहीत नव्हतं. त्यांच्यातले एक काका, तेच ते 'मगे चालतला' म्हणणारे, एका रविवारी आमच्याकडे आले. त्यांना अजून कुठेच काम नव्हतं. बाबा ड्युटीवर होते. काका दारातच उभे राहिले, चपला काढल्या नाहीत, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आमचा काय्येक मनात ठेवू नको. तू नीट शीक गो बाय."

मी म्हटलं, "हो काका."